केळीच्या पानाचं बेसिन

४ फेब्रुवारी, मंगळवार

बेसिन म्हणजे बेसिन, असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. आज ललितभाऊंच्या दुकानात कळलं की तसं नसतं. ओट्यावर ठेवायचं, भिंतीला टांगायचं, खांबावरचं, अर्धं ओट्यात बुडालेलं. गोल, चौकोनी, होडीसारखं. मग नळ वेगळा — उंच, बुटका, थेट भिंतीतून येणारा. मग खालची जाळी वेगळी, पाइप वेगळा. दोन तास फिरले आणि फक्त पाणी पिऊन बाहेर आले.

हितेंद्र म्हणतो, तूच ठरव, मला काय कळतं त्यातलं. नवरे असंच म्हणतात. मला तरी काय कळतं? मी आठवीला भूगोल शिकवते.

६ फेब्रुवारी

खालचं बाथरूम आबांसाठी करतोय, हे धरून ठरवायला हवं. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं आबा सावद्याच्या घरात एकटे. केळीची बाग बघायची, भाकरी स्वतःच थापायची. गेल्या महिन्यात न्हाणीत घसरून पडले आणि कुणाला बोलले नाहीत. शेजारच्या सुनंदाबाईंनी फोन केला तेव्हा आम्हाला कळलं. हितेंद्र त्या दिवशी माझ्यासमोर रडला. सोळा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. आबांनी आता कायमचं जळगावला यावं, एवढंच त्याला हवंय.

मलाही हवंय. नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के म्हणजे सकाळचं ते खाकरणं आणि मिसरी. इथे लिहिलं, इथेच राहो.

८ फेब्रुवारी

प्लंबर गोपाल — ताई, पांढरं घ्या, कशाबरोबरही जातं. ललितभाऊ — मॅडम, पांढरं आता कोणी घेत नाही. मैत्रीण शीतल धुळ्याहून फोनवर — काळा नळ तेवढा घेऊ नकोस गं, आमच्याकडे पंधरा दिवसांत क्षार चढून भुरकट झाला.

तिघांचंही पटलं. डोकं दुखायला लागलं.

९ फेब्रुवारी, रविवार

हितेंद्रने आबांना दोन दिवस आणलंय, म्हणून त्यांनाच दुकानात नेलं. वापरणार ते, तर बघू देत. ते दाराजवळ खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर. "तुले जे आवडीन ते घे," एवढंच.

आणि तेव्हा ते दिसलं! ओट्यावर ठेवायचं बेसिन, आतून अख्खं केळीचं पान रंगवलेलं. हिरवंगार. मधली शीर अगदी खरी, कडेला पान जरासं फाटलेलंसुद्धा. केळीवाल्यांचं घर आणि केळीचं पान — मी जागच्या जागी ठरवून टाकलं. पाच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी ठरलं.

ललितभाऊ म्हणाले, एकदा पांढरंही बघून घ्या. मी म्हटलं, "पांढरं नकोच. घरात म्हातारं माणूस येतंय. मिसरी लावणार, थुंकणार, हाताला केळीचा चीक. पांढऱ्यावर सगळं दिसणार आणि मी घासत बसणार. यात निदान डाग लपतील." हसत हसतच म्हटलं. ललितभाऊही हसले.

मागे वळले तर आबा खुर्चीवर नव्हते. चार पावलांवर, नळांच्या फळीपाशी उभे होते, एक नळ उघडझाप करून बघत होते.

ऐकलं असेल का? डाव्या कानाने त्यांना जवळजवळ येतच नाही. पण माझ्याकडे कोणता कान होता?

१० फेब्रुवारी

डावाच होता. बहुतेक.

१९ फेब्रुवारी

बसवलं. बेसिन ओट्याच्या वर बसतं, आबांना टाचा उंचवाव्या लागू नयेत म्हणून ओटा चार इंच खाली घेतला. नळ साधा, चकचकीत. सुरेख दिसतंय. शाळेतल्या दोघीतिघी बघून गेल्या, सगळ्यांनी फोटो काढले.

२३ फेब्रुवारी

आबा आले. राहायला. एक ट्रंक, एक घोंगडी, केळीच्या चार फण्या. बेसिनपुढे थांबले. पानाच्या शिरेवरून बोट फिरवलं. "मस्त हाये," म्हणाले.

२६ फेब्रुवारी

आबा बेसिन वापरत नाहीत. अंगणात गाडी धुवायचा नळ आहे, तिथे जातात. पहाटे मिसरी तिथे, जेवल्यावर हात तिथे. गुडघ्यावर हात टेकून वाकतात, उठताना भिंत धरतात. आत एवढं बेसिन कोरडं ठणठणीत.

नळ उघडता येत नसेल म्हणून करून दाखवला. "कयते वं पोरी," म्हणाले, आणि पुन्हा अंगणात.

१ मार्च

काही सुचत नाही. पाणी अंगावर उडतं म्हणून? ओटा फारच खाली गेला? की त्या दिवशीचं ऐकलं?

हितेंद्रने विचारलं, "तू काही बोललीस का त्यांना?" मी नाही म्हटलं. खोटं नाही ते. त्यांना काहीच बोलले नाही मी.

४ मार्च

आबा परत जायचं म्हणतात. "बागले पानी द्या लागीन." पाणी द्यायला मंगा आहे, वर्षानुवर्षं तोच देतो. हितेंद्र न जेवताच उठला.

मग मी विचारलंच. आबा स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. म्हटलं, आबा, आतलं बेसिन का नाही वापरत? त्यांनी दोन शेंगा फोडल्या, दाणे ताटलीत टाकले, आणि मग म्हणाले, "केयीचं पान हाये ते, पोरी. पूजेले मांडतो, त्याच्यावर जेवतो. त्याच्यावर थुकू कसा? माह्या हातून नही होत."

हे होय! मला हसू आणि रडू बरोबरच आलं. एवढी शिकलेली मी, केळीवाल्यांच्या घरात सोळा वर्षं नांदले, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. म्हणजे ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतंच! महिनाभराचा दगड उतरला.

८ मार्च

साधं पांढरं बेसिन आणलं. गोपाल म्हणाला, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पानाचं माळ्यावर टाकलं. आबांनी ट्रंक उघडून कपडे कपाटात लावले. हितेंद्र दिवसभर शीळ घालत होता.

१२ मार्च

आबा आता आतच हात धुतात. पहाटेचं खाकरणं आतून ऐकू येतं, आणि चक्क बरं वाटतं. गंमत म्हणजे पांढऱ्यावर एकही डाग नाही. कामवाल्या रेशमाचं कौतुक केलं तर ती म्हणाली, मी कुठं, मला तर ते रोज पुसलेलंच मिळतं.

१६ मार्च, रविवार

सावद्याला गेलो होतो. आबा मला बाग दाखवायला घेऊन गेले. मंगाने सकाळीच पानं कापून टाकली होती, हिरवीगार. आबांनी बांधावर बसून मिसरी लावली आणि समोरच्या पानावर थुंकले. दोनदा. बोलता बोलता, अगदी सवयीने. मग दुसरं पान उचलून चपलेचा चिखल पुसला.

मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर ते बाथरूममध्ये गेले. दार उघडंच होतं. तोंड धुतलं, खांद्यावरचा पंचा काढला आणि बेसिन कडेकडेने पुसून घेतलं. मग खाली वाकून जाळीसुद्धा.

आबांनी सगळं ऐकलं होतं. माफी मागावी तर त्यांनी माझ्यासाठी रचलेलं पानाचं कारण उघडं पडेल. काय करू, कळत नाही.