होळीचा वायदा

तळोदा,
मंगळवार

प्रिय रुपा,

कंचनकाकीचं पत्र बघून आधी हसून घे. तुमच्या नंदुरबारच्या नर्सिंग हॉस्टेलात पोस्टाने पत्र येणारी तू एकटीच असशील. फोनवर बोलता आलं असतं, नाही असं नाही. तीनदा तुझा नंबर लावला आणि तीनही वेळा "जेवलीस का, परीक्षा कधी" एवढंच विचारून ठेवून दिला. तुझा आवाज आला की माझी जीभ टाळूला चिकटते. सगळ्या मेनरोडला जिच्या जिभेचा धाक, ती मी असं म्हणते म्हणजे बघ. म्हणून शेवटी आमच्या पोराच्या, अभिनंदनच्या, बिलबुकामागचे कोरे कागद घेतले. सातवीपर्यंतची माझी मराठी शाळा, अक्षर मुंग्यांसारखं आहे, सांभाळून घे.

पत्र तुझ्या बापाबद्दल आहे. लगेच घडी करून ठेवू नकोस. फेब्रुवारीत तू दुकानात आलीस, बस म्हटलं तरी बसली नाहीस, उभ्याने चहा घेतलास आणि म्हणालीस, "काकी, तीन दिवस मी फोन लावत होते. त्याने एकदाही उचलला नाही. आता तो दुसऱ्याच्या फोनवरून लावतो, मी उचलत नाही. आईबरोबर बापही गेला असं समजते." खरं सांगते, मनात मी तुझीच बाजू घेतली होती. बायको दुखण्यात, पोरगी एकटी, आणि हा वीरसिंग तिकडे उसाच्या फडात पिऊन पडला असेल, असं मला वाटलं. तू गेल्यावर अभिनंदनसमोर मी त्याला नाही नाही ते बोलले. रुपा, त्यातला शब्दन् शब्द मी परत घेते.

आता तू मोठी झालीस, लोकांना सुया टोचतेस, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून आश्रमशाळेच्या निळ्या झग्यातली तूच येतेस. दर रविवारी यायचीस आणि आमच्या ताटातली बिनकांद्याची भाजी बघून म्हणायचीस, "काकी, हे आजारी माणसाचं जेवण आहे." आणि तीन वेळा वाढून घ्यायचीस. तुझ्या साबणाचे, वहीचे पैसे वीरसिंग तुझ्या शांतिलालकाकांकडे ठेवून जायचा. तुझी आई, रूपलीबाई, आली की पायरीवर बसून गठ्ठ्यातलं एकूण एक लुगडं उघडायला लावायची, प्रत्येकावरून हात फिरवायची, आणि शेवटी पहिलं दाखवलेलंच घ्यायची. मी चिडायची. ती तोंडाला पदर लावून हसायची. तिला मराठी फारसं येत नव्हतं, मला तिची बोली येत नव्हती, तरी आमचं अर्धा अर्धा तास चालायचं. ती गेली हे मला अजून पटत नाही. तुमच्या पहाडावरची, काठी गावाकडची जीप दुकानासमोर थांबली की मी अजून मान वर करते.

तुझ्या काकांचं दुकान कसं चालायचं ते तुला ठाऊक आहे. दिवाळीला पहाडावरची माणसं कापड न्यायची, ऊस तोडायला गुजरातेत जायची, आणि होळीच्या बाजाराला येऊन पैसे द्यायची. कागद नाही, सही नाही. काका विचारायचे, "कधी?" समोरचा म्हणायचा, "होळीले." झालं. चौतीस वर्षांत एकाचेच पैसे राहिले, तो माणूस वारला म्हणून, आणि पुढच्या होळीला त्याच्या भावाने ते आणून दिले. काका त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, कंचन, मी याला मागणारही नव्हतो. असं आमचं दुकान. त्या वायद्याचा मला फार अभिमान होता, लग्नाकार्यात मी पाहुण्यांना सांगत सुटायची.

काका गेल्यावर अभिनंदनने अर्ध्या दुकानात मोबाइलचं काउंटर केलं. लाल-पिवळे फलक लागले. "जुना द्या, नवा न्या", "शून्य टक्के व्याज", "फक्त आधार कार्डावर". पोरगा वाईट नाही, धंदा करतो. पण त्या काउंटरवर रोजची कटकट. कोणाला न सांगता विमा जोडलेला, कोणाच्या खात्यात दोन दिवस पैसे कमी पडले तर बँकेचा दंड वेगळा आणि कंपनीचा वेगळा. आमच्या पुरुषोत्तमनगरचे गिरधर पाटील माहीत आहेत ना, कारखान्यातून रिटायर झालेले? त्यांना सांगितलं होतं, वर्षाने फोन परत आणा, निम्मी किंमत वळती करून नवा देऊ. ते बरोबर वर्षाने आले. कंपनीच्या माणसाने भिंग लावून फोन पाहिला आणि म्हणाला, ओरखडा आहे, निम्मी नाही मिळणार. गिरधरभाऊ काउंटरवर हात आपटून ओरडले, "ओरखडा ते मन्हा थोबाडवर बी शे! मले बी कमी भावमा लेशात का?" सगळं दुकान हसलं. मीही हसले. नंतर ते पायऱ्या उतरताना एकटेच काहीतरी पुटपुटत होते, ते पाहून मात्र बरं वाटलं नाही.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी वीरसिंग आला. तुला कदाचित वाटत असेल, त्याला मोठ्या फोनची हौस आली. हौस नव्हती ती. तुझी आई तेव्हा पडूनच होती, आणि तू हॉस्टेलातून रजा घेऊन घरी राहून तिचं बघणार असं ठरलं होतं. तो म्हणाला, बारडोलीकडे चार महिने जातोय, रूपलीचं तोंड दिसेल असा फोन दे. बटणाचा फोन त्याने खिशातून काढून ठेवला. त्याच्या पाठीवर तू नेलपॉलिशने काढलेला "रु" अजून होता. योजनेत त्याचे चारशे रुपये धरले. त्याला तो द्यायचा नव्हता, हातात धरून उलटासुलटा करत राहिला. पण जुना दिल्याशिवाय सूट नाही म्हटल्यावर ठेवला. मग हप्त्यांचं बोलणं झालं, ते मी पुढे लिहीन. अंगठा लागला, डोळे मिचकावून फोटो निघाला, आणि तो नवा फोन रुमालात गुंडाळून जीपमध्ये चढला. दोन महिने तुम्ही रोज संध्याकाळी त्याला बघत होतात, तूच सांगितलंस. रूपलीबाई त्या काचेवरूनही हात फिरवायची म्हणालीस.

जानेवारीत काय झालं ते मी तुला काय सांगू, तू स्वतः सोसलंस. त्या टोळीत तुमच्या पाड्यातला तो एकटाच होता, मुकादमाचा नंबर तुझ्याकडे नव्हता. तुझे चुलते थांब म्हणाले, तू थांबलीस, आईला दीड दिवस तसंच ठेवलंस बापाची वाट बघत. शेवटी एका ट्रकवाल्याकरवी निरोप पोचला आणि तो पाचव्या दिवशी आला. त्याने तुला सांगितलं की फोन माझ्या हातून बिघडला, आणि तू म्हणालीस, खोटं बोलतोस. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. यंदा काठीच्या होळीला तो गेला, पण ना घुंगरू बांधले, ना नाचला. लांब उभा होता म्हणतात.

होळीच्या आधीच्या बाजाराला तो आमच्याकडे आला. खूप वाळलाय गं. फडक्यात बांधलेले पैसे काउंटरवर ठेवले, सगळ्या हप्त्यांचे एकदम, आणि शेजारी तो फोन. म्हणाला, "मन्हा हातले बरकत नही, शेठाणी. मी नवाकोरा फोन बिघाडी टाका. हात ओले व्हतात." अभिनंदनने फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. फोन बिघडलाच नव्हता. दोन हप्ते चुकले म्हणून कंपनीने तिथे बसल्या बसल्या त्याला कुलूप घातलं होतं. काचेवर इंग्रजीत तसं लिहिलेलं होतं, ते त्याला कोण वाचून दाखवणार? म्हणे तसा लॉक झालेला फोन ना लागतो, ना उचलता येतो. मी अभिनंदनला आमच्या बोलीत विचारलं, तुला माहीत नव्हतं? तो म्हणाला, आई, महिन्याला तीस-चाळीस फोन असे बंद होतात, ते कंपनी करते, आपल्या हातात काही नाही. त्याने पैसे भरले, कोणाला तरी फोन केला, आणि दहा मिनिटांत कुलूप निघालं. मग ते तुझे कॉल दिसायला लागले. वीरसिंगला अक्षर येत नाही, पण नंबराशेजारी तुझा फोटो आहे ना. एकाखाली एक तुझाच चेहरा, लाल बाणासकट. तो बोटाने वर सरकवत होता आणि ते संपतच नव्हते. एकतीस होते, अभिनंदनने मोजले. वीरसिंग तिथेच खाली बसला. तुझी आई बसायची त्याच पायरीवर.

आता जे लिहायला मी इतके कागद खर्च केले ते लिहिते. दिवाळीनंतर त्या शुक्रवारी वीरसिंग फोन परत ठेवून निघाला होता, रुपा. तो म्हणाला होता, "शेठाणी, महिन्याना महिन्याले मी कोठून देऊ? मुकादम ते होळीलेच हिशोब करस." अभिनंदन आत गिऱ्हाईकाशी बोलत होता. आणि मी, तुझ्या काकांच्या गादीवर बसलेली, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मंग होळीले दे. मी काय कोठे चालनी का?" चौतीस वर्षांची सवय तोंडात होती. हे दुकान आता पैसे देत नाही, देणारी कंपनी आहे, आणि तिला होळी माहीत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या शब्दावर तो माघारी फिरला आणि त्याने अंगठा दिला. कंपनीच्या बायकांचे फोन त्याला फडात यायचे, तेव्हा तो प्रत्येकीला सांगायचा की शेठाणीने होळीला सांगितलंय, काळजी करू नका. हे त्याने मला हसत सांगितलं, त्या पायरीवर डोळे पुसून झाल्यावर. त्याला अजूनही माहीत नाही. त्याला वाटतं, ओल्या हाताने फोन बिघडला आणि आम्ही तो दुरुस्त केला. उठताना त्याने विचारलं, "दुरुस्तीना किती व्हयनात, शेठाणी?" मी म्हणाले, काही नको. त्याने मला हात जोडले, पोरी, आणि मी ते जोडून घेतले. त्याला आज वीस दिवस झाले. शनिवारी पहिल्या जीपने मी वर जातेय, त्याच्या दारात उभी राहून हे सगळं सांगणार आहे, मग तो मला काय म्हणायचं ते म्हणो. पण मी त्याला काय शब्द दिला होता हे तुला आधी कळावं, म्हणून हे लिहिलं. मला माफ करू नकोस, माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस, मी समजेन. फक्त आज त्याचा फोन उचल. तो रोज लावतो.

तुझीच,
कंचनकाकी