खालची पट्टी आणि विभागप्रमुखपद

५ तारीख, सोमवार, सकाळी १०.१०
आजपासून स्क्रीनवरचा पसारा बंद. खालची आयकॉन्सची पट्टी ऑटो-हाइड केली. माउस खाली नेला की वर येते, बाजूला घेतला की गुडुप. होणाऱ्या विभागप्रमुखाची स्क्रीन अशीच हवी. शेजारच्या टेबलावरच्या बाईंची पट्टी दिवसभर उघडी. मॉनिटरभर चिठ्ठ्या, त्यात भाजीची यादीसुद्धा. कप्पाळ!

६, मंगळवार
पाणीगळतीच्या तक्रारींची यादी उघडली. शेवटची ओळ वाचायला माउस नेला की पट्टी तिच्यावर चढून बसते. सोडून दिली. शेवटची तक्रार फालतूच असते. बाई म्हणाल्या, पट्टी कायम दिसू द्या, म्हणजे खिडकी तिच्या वरच थांबेल. मला शिकवतायत!

७, बुधवार
एक गृहस्थ बोंबलत आले. आठवडाभर जिन्यावरून पाणी वाहतंय म्हणे. यादी बघून शांतपणे सांगितलं, तुमची तक्रार सिस्टिममध्ये नाही. बाईंनी लगेच आपल्या स्क्रीनवर दाखवली. शेवटची ओळ. चोंबडेपणा नुसता.

८, गुरुवार, दुपारी ४.५०
विभागप्रमुखपदाचा अर्ज भरला. मुदत पाचपर्यंत. 'पाठवा' बटण अगदी तळाला. माउस नेला, पट्टी टपकन वर. तरी नेम धरून दाबलं. कॅल्क्युलेटर उघडला. सिस्टिम सेवेची वर्षं मोजत असणार. सोळा आहेत, मोजू दे. खात्रीसाठी पुन्हा दाबलं. पुन्हा कॅल्क्युलेटर. म्हणजे अर्ज दोनदा पोचला.

बायकोने फोनवर विचारलं, पोचल्याचा मेसेज आला का? म्हटलं, असले मेसेज शिकाऊ लोकांना लागतात. तिने लगोलग माहेरी कळवून टाकलं, पद नक्की म्हणून.

१२, सोमवार
उद्या निकाल. बाईंनीही अर्ज केलाय म्हणे! हसू आवरेना. संकल्प: खुर्ची मिळताच त्यांच्या चिठ्ठ्या काढायला लावायच्या. प्रेमाने.

१३, मंगळवार, ११.३०
बाई विभागप्रमुख. वशिला! उघड उघड वशिला! तडक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. सोळा वर्षं घासली, माझा अर्ज वाचला तरी का, असं तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, कुठला अर्ज? गुरुवारी एकही आला नाही. तुमची वाट बघून मुदत एक दिवस वाढवली, तरी नाही. शेवटी बाईंना भरायला लावला.
टेबलावर येऊन तो अर्ज उघडला. सगळा भरलेला, जागच्या जागी.

त्याच दिवशी, ५.४०
बाई स्वतः टेबलापाशी आल्या. तुम्हीच होणार म्हणून मी अर्जच करत नव्हते, म्हणाल्या. का नाही केलात? तोंडातून निघून गेलं, मला पदाचा मोह नाही. त्यांचे डोळे भरून आले. सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही. टाळ्या झाल्या. मला रडायला येत होतं. हात जोडून उभा राहिलो.

सासरे अभिनंदनाला घरी येऊन बसलेत. बायकोचे तीन फोन येऊन गेले. उचललेले नाहीत.