धुळीवरचा गूळ

अप्पा, ज्या कारखाना निरीक्षकाचा तुम्हाला इतका राग होता, त्याच्याच खात्यात आता मी नोकरी करते. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या या नोकरीच्या परीक्षाच चालू होत्या, म्हणून सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर पेढे वाटले असते की ताटावरून उठला असतात, कोण जाणे.

तो साहेब तुमच्या फौंड्रीत आला त्या दिवसाची संध्याकाळ मला अजून दिसते. आई, आपली अव्वा, भाकरी थापतेय आणि तुम्ही दारातच उभे, भुवया धुळीने करड्या झालेल्या. ओतीव लोखंडाला चिकटलेली वाळू घासून काढायची, हे तुमचं काम. ती बारीक धूळ दिवसभर नाकातोंडात जायची, आणि त्यावर उपाय म्हणून सुट्टीच्या वेळी मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. साहेबाने सांगितलं, गूळ पोटात जातो आणि धूळ फुफ्फुसात. कामगारांना मास्क द्या, धूळ ओढणारा पंखा बसवा. मालकांनी मास्क दिले, गूळ बंद केला आणि पंख्याचं बघू म्हणाले. "सरकार आमच्या तोंडचा गूळ काढाय आलंय," तुम्ही अव्वाला सांगत होता. "मुसकं बांधून काम करा म्हणं. बैल हाय काय आमी?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी काम बंद पाडलंत. पंख्यासाठी नाही, गुळासाठी. दुपारपर्यंत गूळ सुरूही झाला. साहेबाच्या नोटिशीमुळे पुढे पंखा बसला, पण त्याची धूळ साठवायची पिशवी तुंबली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. मास्क का घालत नाही म्हणून मी विचारलं, तर माझ्यावरच खेकसलात, "भट्टीपाशी हुबी ऱ्हा एकदा, मग सांग शानपन." तेव्हा तुमचा राग आला होता, आजही येतो. कारखाना थांबवायची ताकद तुमच्यात होती आणि ती तुम्ही गुळावर घालवलीत. मग खोकला सुरू झाला. टीबी समजून औषधं झाली, गडहिंग्लजला आत्याकडे हवापालट झाला. छातीचा फोटो बघून कामाची चौकशी करणारा डॉक्टर भेटला, तोवर फार उशीर झाला होता.

काल एका फौंड्रीत सुरक्षा सप्ताहाचं भाषण होतं. शपथ झाली, बिल्ले लावून झाले, आणि घासकामावरचा एक वयस्कर माणूस उठला. "म्याडम, मास्क घालतो की. पर तेवढा गूळ बंद करू नगासा." मी म्हटलं, खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कुणाला पटलेलं दिसेना, म्हणून भाषणात नसलेलं बोलून गेले. माझे वडील याच कामाने गेले, त्यांनाही रोज गूळ मिळायचा.

"मग त्यांनी खाल्ला न्हाय काय?"

खोटं बोलवेना. तुम्ही तो टॉवेलच्या टोकाला बांधून घरी आणायचात. अव्वा टोक झटकून खडा पुसायची, चहाबरोबर मला द्यायची. गुळासाठी भांडलात ते छातीसाठी नव्हतंच, हे तिथं उभ्याउभ्या लक्षात आलं. "नाही," मी म्हटलं. "घरी आणायचे. मी खायचे."

तो माणूस हळहळला. मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "बघा. खाल्ला असता तर ऱ्हायला असता मानूस." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी फळ्यावर अन्ननळी आणि श्वासनळी वेगवेगळी काढून दाखवली. तुमच्या जोडीचे गूळ खाणारेही असेच खोकत गेले, तेही सांगितलं. ते खरंच आहे. तिथला पंखा बंद होता, तो दुरुस्त करण्याचा आदेश काढला, आणि तो चालू झाला का ते बघायला मी पुन्हा जाणार आहे. पण अप्पा, परतताना जीपमध्ये मी काय म्हणत होते ते खात्यात कुणाला सांगायची सोय नाही, आणि हे पत्र तर कुठंच जाणार नाही. मी म्हणत होते, एखादा खडा तरी स्वतः खायचात.