गोठलेल्या समुद्राला नारळ

नाही हो वन्सं, अस्वलानं खाल्लेलं नाही मला. फोनवर तुम्ही तेच विचारत होतात आणि लाइन तुटली, म्हणून हे पत्र. नमस्कार करते. गुडघे कसे आहेत? शुभंकर सकाळचा चहा वेळेवर देतो ना? (देत नसेल तर मोठ्यानं विव्हळा. मी तसंच करते.)

लेकीला, गौरांगीला, घेऊन ये म्हणून शुभंकरनं मला पाठवलं. पोरगी या बर्फाच्या बेटांवर शिकवायला आली ती घरी फिरकलीच नाही, आणि आजीचं ऐकेल असं त्याला वाटतं. वॉनमध्ये, घराजवळच, तिच्यासाठी नोकरीही बघून ठेवलीय. पण एटोबिकोच्या घरात बसून त्याला काय कळणार? इथं एका बेटावरून दुसऱ्यावर जायला रस्ताच नाही. बारकं विमान, तेही वाऱ्याच्या मर्जीनं. चढण्याआधी लगेजबरोबर माझंही वजन केलं, आणि तो माणूस आकडा बघून गंभीर झाला. (तुमचे बंधू असते तर तिथूनच परतले असते. ते देवगडच्या होडीतसुद्धा डोळे मिटून बसायचे.)

उतरले तर गौरांगी मुलांना घेऊन खाडीपलीकडे कॅम्पला गेलेली. खाडी म्हणजे गोठलेला समुद्र. एलिसापी म्हणून माझ्याच वयाची बाई आहे, माझ्यासारखीच विधवा. तिनं मला कातड्यांत गुंडाळून लाकडी घसरगाडीत बांधलं आणि गाडी स्नोमोबिलला जोडली. आता समुद्र ओलांडायचा तर नारळ नको द्यायला? पिशवीत होता. हात जोडून सोडला, तर तो बुडेना, बर्फावरून गडगडत लांब गेला. एलिसापीला वाटलं, म्हातारीच्या हातून पडला. धावत जाऊन आणून दिला. मी परत सोडला, तिनं परत आणला. शेवटी तिनं तो माझ्या पायाशी दोरीनं आवळून बांधला आणि बोट दाखवून दम दिला. समुद्राला काय वाटलं असेल ते असो. पलीकडे पोचेपर्यंत माझी हाडं मात्र सुटी झाली.

गौरांगी मुलांच्या घोळक्यातून पळत आली. हसत होती, वन्सं. पद्मजा गेल्यापासून आपल्या घरात ती ताटाकडे बघत जेवायची, आठवतं ना? आपण सगळे तिला आई गेलेली मुलगी म्हणूनच वाढत होतो. इथं मुलं तिच्या पाठीवर चढतात. मला घट्ट धरलं आणि विचारलं, "आजी, तू बाबांसाठी आलीस की माझ्यासाठी?"

मी म्हटलं, आधी चहा टाक.

तेव्हापासून विमानं बंद आहेत. वारा फार. काळजी नसावी.

तुमची भावजय,
आनंदी

ता. क. शुभंकरला विमानं बंद आहेत एवढंच सांगा. तुमचं तो ऐकतो. आणि कुळथाचं पीठ पाठवा, जरा जास्तच.

ता. क. हे पत्र ज्या विमानातून आलं, त्यात माझी सीट होती. पोरीला 'घरी चल' असं मी म्हटलेलंच नाही, आणि म्हणणारही नाही.