मास्तरांच्या नोटिशी

४ जानेवारी

नोटीस आली — आणि टाइप केलेली! कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं, अक्षरं बोटाला लागली. खरं मशीन! इंचाला दहा अक्षरं. ‘घ’चं पोट शाईने गच्च भरलेलं. खालच्या मजल्यावरचे मास्तर, म्हणजे आमचे घरमालक, चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवायचे. सगळी मशिनं विकली म्हणून सांगत फिरतात. लबाड! एक ठेवलंय. पण कुठलं?

ताई मागून म्हणाली, ‘‘काय लिहिलंय रे?’’ मी म्हणालो, ‘‘घ भरलाय.’’ तिने कागद ओढून घेतला, वाचला आणि मटकन खाली बसली. ‘तुमच्या एकतीस टाइपरायटरांच्या वजनाने आमच्या छताला तडा गेला आहे तरी एका महिन्यात घर सोडावे.’

५ जानेवारी

ताई शिलाई मशीनवर राग काढतेय. एकोणीस वर्षं इथे बसून कपडे शिवते, सगळी गिऱ्हाइकं याच गल्लीतली. दुसरीकडे गेलो तर पुन्हा शून्यापासून. शेवटी बोलली ती एवढंच — ‘‘माझं एक मशीन घर चालवतं, तुझी एकतीस घर घालवणार!’’ खरंय तिचं. फार वाईट वाटलं.

मास्तरांना लगेच चिठ्ठी लिहून जिन्यातल्या पेटीत टाकली. ताईला वाटलं, मुदत मागितली. मी लिहिलं होतं : ‘घ’ आधी टाचणीने कोरावा, मग रॉकेलच्या ब्रशने पुसावा.

९ जानेवारी

मास्तरांचं उत्तर! ‘सदोष नोटीस देण्याची आमची पद्धत नाही. आधीची रद्द समजावी. नवी सोबत जोडली आहे.’ काय स्वच्छ ‘घ’! पण शिफ्ट दाबून येणारं प्रत्येक अक्षर ओळीच्या वर उडतंय. लिहायलाच बसलो होतो, तेवढ्यात ताईने हात धरला. तिचं लक्ष तारखेकडे. नवी नोटीस, म्हणजे महिना नव्याने सुरू!

‘‘तू आता तोंड बंद ठेव. दोष सांगायचा तो शेवटच्या दिवशी.’’

एक महिना! उडालेली अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून!

२१ जानेवारी

जेवण गोड लागत नाही. मास्तर बिचारे तसंच टाइप करत असतील.

८ फेब्रुवारी

सांगितलं एकदाचं! हलकं वाटलं. ताई खूश होती, पण तिने चिठ्ठी वाचली. ‘‘स्क्रू कुठला पिळायचा तेही सांगितलंस? आपल्याच पायावर धोंडा?’’ आता नुसता दोष काढायचा आणि उपाय सांगायचा नाही, हे कसं जमणार? छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. चूक दाखवली की शेजारी दुरुस्ती लिहायची, हे हातातच बसलंय.

११ फेब्रुवारी

तिसरी नोटीस. ओळ सरळ! मात्र ‘म’नंतर कागद सरकवणारी कॅरेज एक घर जास्त उडी मारते. आणि ‘ळ’ची ती आखूड शेपटी... मशीन कुठलं, याचा मला दाट संशय येतोय. पण क्रमांक कळल्याशिवाय माझ्या मशिनांच्या वहीत नोंद नाही. अंदाजाने लिहिणारे वेगळे.

२ मार्च

मास्तर जिन्यात भेटले.

‘‘ओळ बसली ना आता?’’

‘‘अगदी सरळ.’’

‘‘अकरा तारीख लक्षात आहे ना?’’

‘‘आहे तर.’’

दोघांनी नमस्कार केला. ते पिशवी घेऊन खाली गेले, मी वर आलो.

१० मार्च

‘म’ कळवला. वर यंत्राचा क्रमांक विचारला. ताईने हात टेकले.

१२ मार्च

चौथी नोटीस, कलम सहा : ‘कॅरेज डावीकडे सरकवून आत विजेरी मारली असता क्रमांक दिसला तो पुढीलप्रमाणे.’ टाइपरायटरांच्या पुस्तकातल्या क्रमांकांच्या यादीशी ताडून पाहिला. संशय खरा! हे मशीन मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी मोठं आहे. वहीत नोंद केली. ताई म्हणाली, ‘‘पेढे वाटू का?’’ ती रागाने म्हणाली होती, हे नंतर लक्षात आलं.

११ एप्रिल

रिबीन फिकट. कळवलं.

१३ एप्रिल

पाचवी.

भिंगाखाली धरली. पट्टी लावून पाहिली. खिडकीच्या काचेवर ठेवून पाहिली. उलटी करून पाहिली. काही नाही! एकेक अक्षर जागच्या जागी, सारखं काळं, सारखं खोल. माझे डोळेच भरून आले. सांगायला कुणी नाही, म्हणून ताईला सांगितलं.

‘‘नीट बघ.’’

‘‘बघितलं.’’

‘‘परत बघ.’’

परत बघितलं. पहिल्यापेक्षा सुंदर दिसली.

६ मे

ताईने गिऱ्हाइकांचं न कापलेलं कापड परत करायला सुरुवात केली. प्रत्येकीला दारात उभं राहून तेच सांगते — ‘‘जातोय आम्ही.’’ मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

११ मे

चिठ्ठी टाकली. ‘चौथ्या ओळीतला स्वल्पविराम पुसट उठला आहे.’

नाही उठलेला. छत्तीस वर्षांत नसलेली चूक पहिल्यांदा दाखवली. ताईला सांगितलं नाही.

१२ मे

मास्तरांचा कागद. हाताने लिहिलेला! टाइप करून उत्तर द्यावं, एवढ्याही लायकीचा मी उरलो नाही. एकच ओळ : ‘नोटिशीत स्वल्पविराम नाहीच, उद्या किल्ली द्यावी.’

धावत जाऊन नोटीस पाहिली. खरंच नाही. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

ताईने कागद वाचला. ‘‘माझ्यासाठी खोटं लिहिलंस? तू?’’ आणि हसत सुटली, पदराने डोळे पुसायची वेळ येईपर्यंत. मग कपाटातून तिच्या जुन्या चादरी काढल्या आणि म्हणाली, ‘‘आण इकडे. आधी तुझी एकतीस गुंडाळू.’’