देवणीला आलेली गाठ

लातूर, बुधवार

तीर्थस्वरूप शांताक्कास गुरुलिंगचे शरणार्थ.

तुझी तब्येत कशी आहे? हे रिवाज म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतो आहे. भूक, झोप, वजन, सगळं सविस्तर कळव. भावजींना (गुडघ्यांसह) नमस्कार. चौदा महिन्यांनी पत्र पाहून तू चष्मा शोधत बसशील, म्हणून अक्षर मोठं काढलंय. नातवाच्या बारशात तू माझ्यासमोरचा माईक बंद करायला लावलास, तेव्हापासून मी तुझ्याशी बोललेलो नाही. (चाळीसच मिनिटं झाली होती. बाळ गाढ झोपलं होतं, म्हणजे उत्सवमूर्तीची तक्रार नव्हती.)

गेल्या शुक्रवारी इथल्या ज्येष्ठ नागरिकांपुढं माझं व्याख्यान होतं. विषय, 'मन घाई करतं, माणूस फसतो'. हाती चार दाणे आले की मन अख्खं शेत उभं करतं, आणि भीती म्हणजे पुरावा नव्हे, असं मी गरजून सांगत होतो. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी खिशातला मोबाईल पाहिला. जळकोटहून आपल्या पुतण्याचा, शिवशंकरचा निरोप होता: "काका, देवणीला गाठ आलीया. उदगीरला दवाखान्यात न्यायलो. कापावं लागंल म्हणलेत."

अक्का, तुला देवणी गावात दिल्यापासून आपल्या घरात तुझं नाव कोण घेतं? गावाच्याच नावानं हाक: देवणी आली का, देवणीला चोळी काढा, देवणीपुढं हे बोलू नका. मी माईक तसाच सोडून निघालो. (माईक मी आपणहून सोडल्याचा हा पहिलाच प्रसंग. अध्यक्षांना वाटलं, मलाच काही झालं.) शिवशंकरला अकरा फोन केले, उचलेना. तुला एक केला असता तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. पण अबोला मी धरलेला, तो सोडायचा कसा? आणि सोडला, अन् तू उचललाच नाहीस तर? या दुसऱ्या विचारानं बोट पुढं सरकेना.

बस नळेगावला पोचेपर्यंत माझ्या मनात तुझं ऑपरेशन होऊन गेलं होतं. उदगीर येईपर्यंत श्रद्धांजलीचं भाषणही तयार झालं. (सांगायला लाज वाटते, पण भाषण चांगलं जमलं होतं.)

दोन दवाखाने पालथे घातले. तिसऱ्यात एक डॉक्टरबाई होत्या. तुझ्या नावाचं पेशंट नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं तरी मी हलेना. माझी अवस्था पाहून त्यांनी मलाच बाकावर बसवलं, पाणी दिलं, रक्तदाब मोजला, गळा चाचपला. तेवढ्यात शिवशंकरचा फोन आला. "काका, आमी जनावराच्या दवाखान्यात हावोत. तुमी माणसाच्यात कशाला बसलाव?"

गेल्या पोळ्याला त्यानं देवणी जातीची गाय घेतली होती. मला ते सांगितलंही होतं म्हणे. मी तेव्हा वाचत असणार.

तिथं गेलो तर देवणी निवांत रवंथ करत उभी. मी तिच्या गळ्यात पडलो. शिवशंकर म्हणाला, आत्याला बी कधी इतकं भेटला न्हाईत. अक्का, इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. परतताना तो नळेगावपर्यंत टिकला. पुढं मला बारशातला माईक आठवला आणि तुझा नव्यानं राग आला. त्या रागानं फार बरं वाटलं. आजारी माणसावर असं रागावता येत नाही.

आईपेक्षा तुझ्याच हातचं जास्त खाल्लेला,
गुरुलिंग

ता. क. गायीची गाठ साधीच निघाली. काल चरायला गेली.

ता. क. २. डॉक्टरबाईंनी गळा चाचपला म्हणून वर लिहिलंय. तिथं त्यांना एक गाठ लागली. ही माझी. शंभरात पंच्याण्णव जणांचं काही निघत नाही, म्हणाल्या. असली प्रमाणं मी स्वतः फळ्यावर लिहून लोकांना निर्धास्त करत आलोय. पण आता ती शंभर माणसं डोळ्यांपुढं रांगेत उभी राहतात, आणि उरलेल्या पाचांचे पाचही चेहरे माझेच असतात. सोमवारी सकाळी दहाला इथं लातुरात सुई घालून तपासणार आहेत. तुझ्या भावजयीला, सिंधूला व्याख्यान आहे म्हणून सांगितलंय. तिला खरं सांगायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र पाकीट चिकटवून आज इथं आलेल्या शिवशंकरच्या हाती देतोय. तू ये. आत बोलावेपर्यंत मी रांगेतल्या सगळ्यांना भीतीवर व्याख्यान देत सुटेन. तेव्हा बारशात केलंस तेच कर.