आमच्या एक्स्चेंजची खरखर

४ जानेवारी, सोमवार

नवी डायरी. संकल्प तीन : लवकर उठणे, न चिडणे, इंटरनेटला धडा शिकवणे. पहिला आजच हुकला. गजराचा दोष.

आमचा कारखाना टेलिफोन एक्स्चेंज बनवतो. मी बत्तीस वर्षं इथे, त्यातली अकरा टेस्टिंगचा प्रमुख. मोठे साहेब म्हणतात, यापुढे सगळं बोलणं इंटरनेटवरून जाणार. म्हणोत बापडे.

६ जानेवारी, बुधवार

समोरच्या शेडमध्ये नेटवर्क विभाग उघडला. प्रमुख माझ्या मुलीच्या वयाची. तिने समजावलं : बोलण्याचे तुकडे करतात, तुकडे वाटेल त्या रस्त्याने जातात, पलीकडे पुन्हा जोडतात. मी म्हटलं, बोलणं म्हणजे काय भाजी आहे चिरायला? ती हसली नाही. या पिढीला विनोद कळत नाही. चिडलो नाही. थोडाच चिडलो.

१२ जानेवारी, दुपारी ३

वायरिंगच्या ताई आल्या होत्या. एकवीस वर्षं सोल्डरिंग करतात, त्यांचा एकही जोड सुटलेला नाही. पंख्याच्या कारखान्यातून त्यांना बोलावणं आलंय. नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावत्या त्या एकट्या. विचारत होत्या, साहेब, जाऊ का राहू? मी म्हटलं, बिनधास्त राहा, मी रिटायर झालो तरी हा विभाग चालेल. लिहून देऊ का? म्हणाल्या, लिहून कशाला, तुम्ही बोललात ना.

फार बरं वाटलं.

१९ जानेवारी, मंगळवार

शत्रूचा अभ्यास म्हणून नेटच्या फोनवरून घरी बोललो. आवाज स्वच्छ. वाईट वाटलं. पण मी बटाटे आणायला विसरलो हे ऐकून बायको गप्प झाली आणि लाइनमध्ये एकदम चिडीचूप. मी हॅलो हॅलो ओरडत सुटलो. ती म्हणाली, ऐकतेय, फक्त चिडलेय.

सापडलं! आमच्या लाइनमध्ये कोणी बोलत नसलं तरी बारीक खरखर चालू असते. तिच्यामुळे कळतं की लाइन चालू आहे, पलीकडे माणूस आहे. यांच्याकडे ती नाहीच! आटोपला यांचा कारभार.

२५ जानेवारी, सोमवार

मोठ्या साहेबांसमोर प्रात्यक्षिक. नेटच्या फोनवर एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला मी, मुद्दाम गप्प. सहाव्या सेकंदाला साहेब म्हणाले, कट झाला वाटतं. मग तोच प्रयोग आमच्या एक्स्चेंजवरून. साहेब मिनिटभर रिसीव्हर कानाला लावून शांत बसले! टाळ्या पडल्या. दोघांच्याच, पण पडल्या. साहेबांनी नेटवालीला सांगितलं, यांचं बरोबर आहे, याचं काहीतरी करा.

ताईंना सांगितलं, जिंकलो. त्यांनी संध्याकाळीच पंखेवाल्यांना नाही म्हणून कळवलं.

३ फेब्रुवारी, बुधवार

नेटवाली स्वतः आली. शरणच आली म्हणायचं. म्हणाली, सर, तुमची खरखर रेकॉर्ड करून नेऊ का? मी खुर्ची दिली, चहा मागवला. नऊ नंबरच्या रॅकवरची लाइन निवडून दिली. तिच्यासारखी खरखर कारखान्यात दुसरी नाही. मध्येच कोणीतरी शिंकलं म्हणून मीच पुन्हा रेकॉर्ड करायला लावलं. काम कसं चोख हवं. ताई हातातलं काम थांबवून बघत होत्या. कौतुकानेच.

बायकोने विचारलं, तिला ती कशाला हवी? म्हटलं, शिकायला. बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला. अशा वेळी मी फार खोलात शिरत नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावून नेटचा फोन कानाला लावायला दिला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. खरखर येत होती. नऊ नंबरची. झोपेतसुद्धा ओळखेन. पुढ्यात फॉर्म ठेवला : लाइन समाधानकारक, टेस्टिंग प्रमुखाची सही. बत्तीस वर्षांत चांगल्या लाइनला नापास केलेलं नाही. केली सही. ही तांत्रिक बाब आहे, विभागाशी तिचा संबंध नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

नोटीस लागली. ३१ मार्चला एक्स्चेंज विभाग बंद. मला सहा महिने समोरच्या शेडमध्ये ‘आवाज सल्लागार’ म्हणून ठेवलंय. बाकी अठरा जणांना नाही. ताईंना नाही.

साहेबांकडे तीनदा गेलो. मीटिंगमध्ये आहेत. पंख्याच्या कारखान्यात फोन केला. जागा भरली, म्हणाले.

३१ मार्च, बुधवार

आज ताईंची माफी मागायची, असं ठरवून निघालो. सकाळी वाटलं, चहा होऊ दे. मग वाटलं, जेवण होऊ दे. चार वाजता त्यांनी टेबल पुसलं आणि त्याच माझ्याकडे आल्या. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की ताई, चुकलं माझं, तेव्हाच जा म्हणायला हवं होतं.

त्या म्हणाल्या, ती मुलगी खरखर भरून घेत होती ना साहेब, मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, पंखेवाल्यांना तर नाही म्हणून बसले होते. आणि तुम्ही इतके खुशीत होतात, कशाला बोलायचं.

मला फार लाज वाटली. त्या डबा घेऊन गेल्या.

उद्या नऊ वाजता समोरच्या शेडमध्ये हजर व्हायचंय.